चाळीस घरांची सरासरी

"काका, आता तुम्ही या फळ्यावर," मॅडम म्हणाल्या आणि तो बाकावरून उठला.

ऑफिस उघडण्याआधी सांख्यिकीचा हा वर्ग भरायचा. तेवीस वर्षं दारोदार फिरून पाहणीचे फॉर्म भरल्यावर बढतीसाठी त्याला ही परीक्षा द्यायची होती. शिकवणाऱ्या मॅडम त्याच्या मुलीच्या वयाच्या. आज त्यांनी सरावाला एका खऱ्या पाहणीचा तक्ता वाटला होता: टेकडीवरच्या वस्तीत नळावर पाण्यासाठी किती मिनिटं थांबावं लागतं. पहिल्या ओळीलाच त्याने ओळखलं. आकडे त्याचेच होते.

दोन वर्षांपूर्वी त्याच्याकडे चाळीस घरांचे फॉर्म आले, त्याच आठवड्यात बायकोचं ऑपरेशन होतं. पायथ्याची सहा घरं त्याने केली आणि उरलेली चौतीस दवाखान्याच्या बाकावर बसून भरून टाकली. वीस, एकोणीस, एकवीस. संशय नको म्हणून मधूनच एखादा अठरा किंवा बावीस.

मॅडमनी शेवटची दहा घरं घ्यायला सांगितली. सरासरी वीस आली. मग प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब, त्याचा वर्ग, बेरीज, भागाकार, वर्गमूळ. खडू बोटांत ओला होत होता. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती पांगलेत ते, आलं जेमतेम एक मिनिट.

"यावरून काय कळतं?" मॅडमनी वर्गाला विचारलं.

भांडारातला कारकून म्हणाला, लोक फारच शिस्तीचे दिसतात. सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. याच तक्त्यावर तिथल्या दुसऱ्या नळाचा अर्ज फेटाळला गेला, वीस मिनिटं काही फार नाहीत म्हणून, असं त्यांनी सांगितलं. ही गोष्ट त्याला आजवर माहीतच नव्हती.

"पण रांगेतली माणसं इतकी सारखी थांबत नाहीत," त्या म्हणाल्या. "हे कुणीतरी बसल्या जागी लिहिलंय."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. गुपचूप जागेवर जाऊन बसता आलं असतं.

"मी लिहिलंय," तो फळ्याकडे तोंड करूनच म्हणाला.

वर्ग सुटल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, की ऑफिसात सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. दुपारी त्याने साहेबांच्या टेबलावर लेखी कबुली ठेवली. साहेबांनी ती दोनदा वाचली. बढती विसरा, म्हणाले. नोकरीचं काय ते वरून कळेल.

घरी सांगितलं तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"म्हणजे माझ्या दवाखान्यापायी?"

"नाही. मी टेकडी चढायचा कंटाळा केला."

रविवारी कोरे फॉर्म घेऊन तो एकटाच वर गेला. पंचेचाळीस मिनिटं. दहा. दीड तास. एकीने सांगितलं, कधी पाणी येतं, कधी हंडा रिकामाच परत आणते. तेही त्याने तसंच लिहून घेतलं. दम लागला की उंबऱ्यावर टेकायचा, पुन्हा चढायचा.

चाळिसाव्या घराला कुलूप होतं. शेजारच्या बाईने सांगितलं, म्हाताऱ्याला पाणी वर आणणं झेपेना, मागच्या वर्षी ती मंडळी वस्ती सोडून गेली.

"कुठे गेली?"

"काय माहीत. त्यांची किती मिनिटं लिहिणार?"

त्याने घराचा क्रमांक लिहिला. त्यापुढची जागा तशीच ठेवली, पेनचं टोपण लावलं आणि सावकाश टेकडी उतरू लागला.