रत्नमालाबाईंचं बिनचाकी विमान

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे, पण जन्मात कधी धावपट्टीवर पाय ठेवलेला नाही. मला चाकंच नाहीत. चाकांच्या जागी होडीसारखे दोन लांबट पाय आहेत, त्यांना फ्लोट म्हणतात. पाण्यावर बसायचं, पाण्यावरून धावायचं आणि पाण्यावरूनच आभाळात जायचं, असा माझा खाक्या. पोटात बॅटरी आहे, नाकावर पंखा आहे आणि मला उडवणारं माणूस काठावर उभं राहून हातातल्या रिमोटच्या दांड्या हलवतं. आता माझ्या पंखावर चिकटपट्ट्या आहेत, शेपटी एकदा मोडून जोडलेली आहे. तरीही मला कुणी खेळणं म्हटलं की माझं टाळकं सरकतं. तेवढं म्हणू नका, बाकी काहीही चालेल.

माझा जन्म एका कारखान्यातला. साच्यात फोम ओतला, वाळवला, तारा बसवल्या आणि खोक्यात कोंबलं. डोळे उघडले ते छत्रपती संभाजीनगरातल्या एका दुकानाच्या फळीवर. शेजारी एक हेलिकॉप्टर होतं, एक लढाऊ जेट होतं आणि एक चाकांचं साधं विमान होतं. गिऱ्हाईक आलं की त्या तिघांना खाली उतरवायचे, फिरवून फिरवून दाखवायचे. माझ्याकडं बोट दाखवलं की दुकानदार म्हणायचा, ह्याला तलाव लागतो. गिऱ्हाईक हसायचं. मराठवाड्यात पाण्यावरचं विमान कोण घेणार? मीही आशा सोडली होती.

एका दुपारी रत्नमालाबाई आल्या. सोबत त्यांची लेक रूपा, बँकेत नोकरीला असलेली. रत्नमालाबाई एसटीत कंडक्टर होत्या, वैजापूरच्या, वेरूळच्या गाड्यांवर उभा जन्म काढून नुकत्याच निवृत्त झालेल्या. दुकानदारानं नेहमीप्रमाणं विचारलं, नातवाचं वय किती?

"नातू नाय," बाई म्हणाल्या. "मला पाहिजे."

दुकानदार भला माणूस होता. त्यानं गालातल्या गालात हसू दाबलं आणि नीट समजावून सांगितलं. शिकणाऱ्यानं चाकांचं घ्यावं, वरच्या पंखाचं, सावकाश उडणारं. फक्त त्याला सपाट जागा पाहिजे, खडा नको, खड्डा नको. खड्डा म्हणताच बाईंना जे हसू आलं ते आवरेना. सगळी नोकरी खड्ड्यांत गेली होती, कंबरेचे मणके त्याची साक्ष देत होते. मग त्यांची नजर वर गेली आणि माझ्यावर थांबली.

"रस्त्याचं लई झालं," त्या म्हणाल्या. "हे पाण्यावरलं काढा."

रूपानं तेवढ्यात शहाणपणाचे चार प्रश्न विचारले. पाण्यावर पडलं तर मोडतं का, सुटे भाग मिळतात का, बॅटरी किती वेळ चालते. उत्तरं बरी आली. तलावावर विजेच्या तारा नसतात, क्रिकेटवाली पोरं नसतात, पाण्यावर पडलं तर चुरा होत नाही. दुकानदारानं मला फळीवरून उतरवलं तेव्हा जेटचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

पण हौसेला मोल नसतं तसं कॅलेंडरही नसतं. बाईंनी मला घेतलं ऐन चैत्रात. हर्सूलचा तलाव आहे की, असं म्हणत दोघी मला घेऊन गेल्या, तर पाणी आटून पार मधोमध गेलेलं. वर रूपाच्या ध्यानात आलं, की बाजूलाच मध्यवर्ती कारागृह आहे. जेलच्या शेजारी विमान उडवायला कोण देणार? पुढं कुणीतरी वेरूळच्या रस्त्यावरचा एक पाझर तलाव सुचवला. तिथं विमानांच्या क्लबवाल्यांना परवानगी होती. पण त्यालाही पाणी नव्हतं, चिखलात बगळे उभे होते.

मग काय, मी लटकलो खिळ्याला, कूलरच्या वर. पाण्यावरचं विमान आणि अंगावर नुसती धूळ. माझ्या डाव्या पंखामागं एका पालीनं बिऱ्हाड केलं. येणारे पाहुणे विचारायचे, हे काय शोभेचं आणलंय का? पाहुणे गेले की बाई खुर्चीवर चढून मला पुसायच्या. एकदा त्यांनी लाल रंग आणला, माझ्या पोटावर एसटीसारखा पट्टा ओढला आणि शेपटीवर सुबक अक्षरांत लिहिलं, 'विनावाहक'. रूपानं विचारलं, हे कशाला? त्या म्हणाल्या, ह्या गाडीत कंडक्टर नसणार, कंडक्टर आता गाडी चालवणार.

मित्रांनो, खरी गोम तिथं होती. कंडक्टर म्हणजे घंटीची दोरी ओढणारं माणूस. एक घंटी दिली की गाडी थांबते, दोन दिल्या की सुटते. बाईंनी जन्मभर डबल बेल दिली आणि स्टेअरिंग कायम दुसऱ्याच्या हातात राहिलं. एकदा तरी आपल्या हातानं काहीतरी न्यावं आणि सुखरूप परत आणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्या रोज दुपारी संगणकावर विमान उडवायचा सराव करायच्या. आधी आधी पडद्यावरची विमानं धडाधड आपटायची. हळूहळू आपटायची थांबली. तिकिटं फाडून घट्ट झालेला त्यांचा अंगठा दांडीवर असा बसायचा, की खिळ्यावर लटकल्या लटकल्या मला धीर यायचा.

पाऊसपाणी झालं, पाझर तलाव भरला. रविवारी सकाळी क्लबचे लोक जमायचे. त्यांचा म्होरक्या शिवराज. गावाकडं शेती, शहरात मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आणि घरात विमानंच विमानं, सगळी चाकांची. तलावालगतच्या माळावरून तो ती उडवायचा. माणूस मनानं वाईट नव्हता, पण दुसऱ्याच्या हातात रिमोट दिसला की त्याचे हात शिवशिवायचे. क्लबचा एक नियम होता. आपलं विमान आपल्या हातानं उडवून, निघालं तिथंच परत उतरवून दाखवायचं. मगच बिल्ला आणि मगच सभासद.

पहिल्या रविवारी बाईंनी मला पाण्यावर ठेवलं. काय सांगू तुम्हाला! पाय पाण्याला लागले आणि वाटलं, आपण ह्याच्यासाठीच जन्मलो. पण बाई काही वेगाची दांडी पुढं लोटेनात. त्यांना नोकरीतली सवय होती. सगळी माणसं बसल्याशिवाय डबल बेल द्यायची नाही. उभ्या म्हातारीला, कडेवर लेकरू घेतलेल्या बाईला जागा मिळाली, पिशव्या ठेवल्या, मग घंटी. म्हणून त्या वाऱ्याची झुळूक जायची वाट बघायच्या, लाट मोडायची वाट बघायच्या. "बसू दे, पाणी बसू दे," असं पुटपुटायच्या. पाणी आरशासारखं झालं, की मग तोंडानंच टण टण म्हणून मला सोडायच्या.

आणि मी उठायचो नाही. पंखा जीव तोडून फिरायचा, मी तलावभर धावायचो, पण पाय सुटायचे नाहीत. कारण मला ठाऊक होतं. ओल्या ओट्यावर स्टीलचं ताट कसं चिकटून बसतं, तसं निवांत पाणी माझ्या फ्लोटना चिकटतं. थोड्या लाटा असल्या की पायाखाली हवा शिरते आणि पकड सुटते. हे मी मनात ओरडून ओरडून सांगत होतो. पण विमानाचं ऐकतो कोण? बाई जितक्या मायेनं पाणी बसायची वाट बघायच्या, तितका मी जास्त चिकटायचो. त्या मायेनंच आमचा घात केला होता.

दुसरा रविवार तसाच गेला, तिसराही. शिवराजचं म्हणणं, विमान जड आहे. आणखी कुणी म्हणालं, बाईंच्या हातात दम नाही. शेवटी शिवराज जवळ आला आणि समजुतीच्या सुरात बोलला. "मावशी, ह्याची मोटर चांगली आहे. माझ्या एका विमानाला बसवू. तुम्ही बघायला येत जा."

बघायला येत जा! ते शब्द बाईंच्या चेहऱ्यावर चपराक बसावी तसे बसले. रूपा काही बोलणार होती, बाईंनी तिला हातानं थांबवलं. त्यांनी माझ्या पायांवरचं पाणी पदरानं पुसलं आणि सगळ्यांदेखत सांगितलं, की पुढच्या रविवारी हे उडालं नाही तर मोटर काढून घेऊन जा, मी पुन्हा येणार नाही. मी ऐकत होतो. माझं काळीज म्हणजे तीच मोटर.  त्या आठवड्यातही बाईंचा संगणकावरचा सराव चुकला नाही.

तो रविवार उजाडला. क्लबची सगळी मंडळी आली होती, काही तर मुद्दाम बघायला. पाणी जराही हलत नव्हतं. बाईंनी मला सोडलं आणि मी पुन्हा तलावभर फरफटत गेलो. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. शिवराजनं पिशवीतून पेचकस बाहेर काढून ठेवला होता, तो मला स्पष्ट दिसत होता.

बाईंनी मला तिसऱ्यांदा मधोमध नेलं आणि तेवढ्यात पलीकडच्या काठावरून म्हशी उतरल्या. त्या होत्या गावातल्या केसरबाईच्या. ती रोज ह्याच वेळेला म्हशी धुवायला आणते, तिला विमानाचं सोयरसुतक नव्हतं. म्हशी धबाधबा पाण्यात शिरल्या आणि सगळा तलाव हिंदकळला. क्लबवाले ओरडायला लागले, अहो म्हशी काढा, म्हशी काढा. केसरबाईनं काठावर बसकण मारून सांगितलं, की तळं म्हशींचं आहे, तुमचं विमान पाव्हणं आलंय.

शिवराज म्हणाला, थांबा मावशी, म्हशी जाऊ द्या, पाणी बसू द्या.

बाई थांबल्याही असत्या. पण पहिली लाट माझ्यापर्यंत आली, तिनं मला उचललं, माझं नाक क्षणभर वर गेलं आणि पाय सुटे झाले. मी आता चिकटलेला नव्हतो, डुलत होतो. बाईंनी ते पाहिलं. चालत्या गाडीत, दांडी न धरता, गर्दीतून तिकिटं फाडत गेलेली बाई ती. गाडी कधी जड होते, कधी हलकी होते, हे त्यांच्या तळपायांना कळायचं. त्यांनी एक लाट जाऊ दिली, मागून येणाऱ्या दुसऱ्या लाटेकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी लख्ख उजळलं.

"पाणी बसलं की गाडी बसती," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "आता उभ्यानंच जायचं."

शिवराजनं सवयीनं रिमोटकडं हात नेला. बाईंनी खांदा आडवा घातला आणि आवाज दिला, टण टण!

दांडी पुढं गेली आणि मी सुटलो. एक लाट पायाखालून गेली, दुसरीनं टप्पा दिला, तिसरीला मी पाण्यात नव्हतोच! मित्रांनो, मी आभाळात होतो. खाली म्हशींच्या काळ्या पाठी, काठावर वर केलेले चेहरे, दूर वेरूळकडचे डोंगर आणि माझ्या पोटावरचा लाल पट्टा उन्हात झळकत होता. खिळ्यावरचे सगळे महिने एका दमात वसूल झाले. मी गिरकी घेतली ती बाईंच्या अंगठ्यानं, वर चढलो तो त्यांच्याच अंगठ्यानं. रूपा रडत होती की हसत होती ते वरून कळत नव्हतं.

पण सुटलेली गाडी स्थानकात परत आली पाहिजे, नाहीतर फेरी धरत नाहीत. मधोमध म्हशी होत्या, म्हणून बाईंनी मला लांबून वळवलं, काठाला धरून खाली आणलं, वेग कमी केला. अगदी शेवटी वाऱ्यानं माझा उजवा पंख उचलला. बाईंनी दांडी जराशी, तिकिटाला छिद्र पाडावं इतकीच, दाबली. पंख सरळ झाला, पाय टेकले, एक उडी घेतली, पुन्हा टेकले, आणि मी सरसरत त्यांच्या पायांपाशी येऊन थांबलो. बाईंनी तोंडानं एकच घंटी दिली, टण.

टाळ्या तर वाजल्याच. शिवराजनं पेचकस पिशवीत टाकला, स्वतःच्या छातीवरचा बिल्ला काढला आणि बाईंच्या पदराला लावला. नंतर जरा ओशाळून म्हणाला, "मावशी, एक फेरी मला द्याल?"

एवढ्यात केसरबाईही फेरा घालून ह्या काठाला आली होती. तिनं मला खालून वरून न्याहाळलं आणि विचारलं, बाई, म्या बी हे धरून बघू का? रत्नमालाबाईंनी दोघांकडं बघितलं. नोकरीतला तो जुना खणखणीत आवाज कितीतरी दिवसांनी बाहेर आला.

"देते. पण आधी रांग लावा. आधी केसरबाई, मग तुम्ही."

आणि मित्रांनो, इतक्या विमानांचा धनी शिवराज म्हशीवालीच्या मागं निमूट रांगेत उभा राहिला.

आता मी म्हातारा झालोय. त्याच खिळ्यावर राहतो, पण पालीचं बिऱ्हाड केव्हाच उठलं. दर रविवारी माझी फेरी असते आणि केसरबाईच्या म्हशी यायच्या आधी आम्ही कधी निघत नाही. तुमच्याकडं माझा एखादा भाऊबंद असेल तर पाण्यातून आल्यावर त्याला पुसा, बॅटरी काढून ठेवा, उन्हातल्या मोटारीत त्याला कोंडू नका. एवढं केलंत तर तो तुम्हाला जन्मभर उडवून दाखवील. आणि तुमच्या घरात कुणी सगळं आयुष्य नुसती घंटी वाजवली असेल, तर एकदा दांडी त्यांच्या हातात द्या. विमान डगमगलं तरी चालेल, पण तुमचे हात तेवढे मागं बांधून उभे राहा.