फणसाच्या पाच मेखा

"जोरात छेड मा. भिऊं नको, मोडत नाही," कृष्णकांत म्हणाला.

कीर्तनाने वडिलांच्या जुन्या बास गिटारची सर्वांत बारीक तार छेडली. जाड तारांचा आवाज खोलीभर घुमला होता. ही मात्र अँपमधून, म्हणजे ध्वनिवर्धकातून, कशीबशी कुजबुजली. दुपारचे दोन वाजले होते. पाच वाजता तिला कोडंबाक्कमच्या स्टुडिओत उभं राहायचं होतं आणि तिथल्या माणसाने कालच बजावलं होतं, उद्याही ही तार अशीच मुकी राहिली तर आम्ही दुसऱ्या कुणाला बोलावतो. पहिलंवहिलं मोठं काम होतं तिचं.

"गिटारचा दोष नाही मामा. आमच्या घरचीच बोटं वीक. अप्पाची तशीच, माझीही तशीच."

अप्पा, म्हणजे तिचे वडील बालाजीराव, दाराशी स्टुलावर बसले होते. मद्रासेजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात स्टोअरचे कारकून म्हणून जन्म काढून गेल्या वर्षी निवृत्त झालेले गृहस्थ. त्याआधी, तरुणपणी, सिनेमाची गाणी वाजवणाऱ्या एका लाइट म्युझिक पार्टीत ते हीच गिटार वाजवायचे. उजव्या हातात टेनिसचा जुना चेंडू होता. तो ते दाबत होते, सोडत होते.

"एकतीस वर्षं अप्पा आवडीच्या ट्रेनमधें हेंच करत होते," कीर्तना म्हणाली. "बोटांस जोर यावा म्हणून."

"आता कशास तें?" बालाजीराव पुटपुटले, पण थांबले नाहीत.

एग्मोरच्या त्या माडीवरच्या खोलीत कृष्णकांत गेली कित्येक वर्षं वाद्यं दुरुस्त करत होता आणि वाजवणाऱ्यांपेक्षा वाद्यांवर त्याचा अधिक विश्वास होता. त्याने भिंग लावून पाहिलं. तारांखाली पिकअप होता, म्हणजे तारेची थरथर पकडून अँपला देणारी चुंबकं. प्रत्येक तार आपापल्या चुंबकावरून जायला हवी. इथे सगळ्याच तारा एका अंगाला सरकल्या होत्या. जाड तारा निभावून नेत होत्या. बारीक तार मात्र बिचारी चुंबकाच्या बाहेर पडली होती.

"बोटांचं कांहीं नाही. ब्रिज सरकलाय," तो म्हणाला. तारा सैल करून त्याने ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची खालची धातूची पट्टी, उचलली.

पट्टीखाली पाच जुनी भोकं होती. कुणीतरी ती लाकडी मेखा ठोकून, घासून, गुळगुळीत बुजवली होती. लाकूड पिवळं होतं. फणसाचं.

कृष्णकांतचे हात जागच्या जागी राहिले. परदेशी गिटारला फणसाच्या मेखा मारणारा माणूस सबंध मद्रासेत एकच होता, तो स्वतः. तंजावुरात आज्यापासून त्याच्या घरात वीणा होत, फणसाच्याच लाकडाच्या. तो नुकताच मद्रासेला आलेला असताना एका लाइट म्युझिक पार्टीचा म्होरक्या ही गिटार घेऊन आला होता, तारा दांडीवरून एकीकडे झुकतात म्हणून. कृष्णकांतने वीणेचा घोडा सरकवावा तसा ब्रिज सरकवला, नवी भोकं पाडली, तारा दांडीच्या मधोमध आणल्या. मग लाकडाला कान लावून स्वर ऐकला. अँप लावलाच नाही. वीणेला कुठे चुंबक असतं? म्होरक्या त्याची पाठ थोपटून गेला होता. खरं तर दांडीच तिच्या खाचेत तिरकी बसली होती, हे त्याला आज दिसत होतं. मागचे चार स्क्रू ढिले करून ती सरळ केली असती की झालं असतं.

"अप्पा, तुम्ही पार्टी कां सोडलात?" त्याने खाली मान घालूनच विचारलं.

"मी काय सोडतों? म्होरक्या लग्नाच्या कल्याण मंडपांत सगळ्यांपुढें बोलला. म्हणाला, बालाजी, ही कारकुनाची बोटं, वाजवणाऱ्याची नव्हेत. सेरी, बरं, म्हणालों. कारकून झालों."

ते हसले. कृष्णकांतला हसता आलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि भीतीही. म्होरक्या कधीच वारला होता. या मेखा कुणी मारल्या हे आता फक्त त्यालाच ठाऊक होतं.

त्याने मागचे स्क्रू धरले. तीन सुटले, चौथा हलेना. आणखी जोर लावला असता तर स्क्रूचं डोकं तुटलं असतं आणि आजचं काम तिथेच संपलं असतं. कीर्तना दर मिनिटाला फोनवर वेळ बघत होती. त्याने सोल्डरिंगची सळई तापवून स्क्रूच्या डोक्यावर टेकवली, शंभर आकडे मोजले, पुन्हा पेचकस लावला. कट्‌ असा आवाज आला. तुटला नव्हता, फिरला होता.

मग त्याने दांडी सरळ बसवली, स्वतःच्याच मेखा ड्रिलने पोखरून काढल्या, ब्रिज मूळ जागी आणला, तारा चढवल्या. चार वाजत आले होते. या खेपेला अँप लावला.

कीर्तनाने बारीक तार छेडली. खिडकीची काच थरथरली. तिने पुन्हा छेडली, चारही तारा एकापाठोपाठ एक, सारख्या.

"अप्पा, ऐकलंत? माझी बोटं बरी आहेत!"

"तुझी बरी आहेत मा," बालाजीराव म्हणाले. "माझ्यावर गेली नाहीस, देवाची कृपा."

एवढ्यावर भागलं असतं. गिटार पिशवीत घालायची आणि दार लावून घ्यायचं. पण त्या शेवटच्या वाक्यानंतर कृष्णकांतने पिशवीला हात लावला नाही.

"अप्पा, तुमचीही बरी होतीं," तो म्हणाला. पोखरलेल्या मेखांचा पिवळा भुगा त्याने तळहातावर घेऊन पुढे धरला. "म्होरक्या ही गिटार माझ्याकडेच आणला होता. अँप न लावतांच ब्रिज मी सरकवलों. चूक मी केलों. तुमची तार त्या दिवसापासूनच मुकी होती."

कीर्तनाने वडिलांकडे पाहिलं.

बालाजीराव उठले. चेंडू टेबलावर ठेवून त्यांनी गिटार गळ्यात घेतली आणि दोन बोटांनी बारीक तार छेडली. स्वर भरदार उमटला. तो पुरता विरेपर्यंत ते तारेकडे बघत राहिले. मग आणखी एकदा छेडली.

"यापुढें अँप लावून बघत जा," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि क्षमाही नव्हती. "चल मा. पाचास पोचायचंय."

दोघं जिना उतरली. कृष्णकांतला टेबलावर चेंडू दिसला. वरची लव पार झडलेली, एका बाजूला दोन बोटांचे खोल खड्डे. चेंडू हातात घेऊन तो खिडकीशी धावला.

खाली कीर्तना गिटार मागत होती आणि बालाजीराव देत नव्हते. त्यांनी पट्टा स्वतःच्या खांद्यावर नीट केला आणि मोकळ्या उजव्या हाताने रिक्षा थांबवली.

कृष्णकांतने हाक न मारता चेंडू खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला.