झाडाखाली मिनिटभर

डोंगरातून परतल्यापासून नवरा अगदी शांत बसून असतो, ही तक्रार घेऊन बहीण फोटोग्राफर भावाच्या अंधारखोलीत आली, तेव्हा भावाला हसूच आलं.

"बडबडतात म्हणून इतकी वर्षं माझं डोकं खाल्लंस. आता शांत झाले तर तेही नको?"

"बोलतात रे. पण हलत नाहीत. सकाळी खुर्चीत बसले की दुपारी तस्सेच. आत्ताही बाहेर तुझ्या स्टुडिओत बसलेत, बघून ये."

"दमलेत भावोजी. त्या रानात आजवर कॅमेरा काय, माणूसही गेला नव्हता. फोटोच्या काचांची पेटी पाठीवर घेऊन चढले ते."

"मला एवढंच सांग. तू परत आणलास तो माझाच नवरा आहे ना?"

लाल दिव्याच्या उजेडात भावाने शेवटची काच औषधात सोडली. झाडांची उंची कळावी म्हणून प्रत्येक फोटोत भावोजी बुंध्याशी उभे राहत. भिंगाचं झाकण मिनिटभर उघडं ठेवावं लागे, आणि तेवढा वेळ त्यांना काही दम निघत नसे. नाक खाजवायचे, विनोद सांगायचे. आधीच्या सगळ्या काचांवर ते पुसट आले होते.

"या वेळी मात्र पुतळ्यासारखे उभे राहिले," भाऊ म्हणाला. "मी शाबासकीसुद्धा दिली. वाऱ्यानं माझी टोपी उडाली, हे जागचे हलले नाहीत. झाडं तेवढी अस्पष्ट येतील."

चित्र हळूहळू उमटलं. झाडं अस्पष्ट नव्हती. पानन् पान कोरल्यासारखं स्वच्छ होतं. भर वाऱ्यात सगळं रान मिनिटभर स्तब्ध उभं होतं.

बुंध्याशी कोणीच नव्हतं. तिथून एक काळपट फराटा निघून डावीकडच्या घळीत गेला होता. त्याच्या टोकाशी एक हात ओळखू येत होता, बोटं फाकलेला.

"मी त्यांच्याकडेच बघत होतो," भाऊ म्हणाला. "सबंध वेळ."

"कुणाकडे?" बहिणीने विचारलं.

त्याने काच दिव्याजवळ धरली.

"ती घळ मला दाखव," ती म्हणाली. "आत्ता निघू."

स्टुडिओत नवरा खिडकीकडे पाठ करून बसला होता. भावाचे जाड बूट चढवून ती नाड्या बांधू लागली.

"अगं, एव्हाना वर बर्फ पडला असेल," नवरा मायेने म्हणाला. "वाट सापडायची नाही."

"सापडेल," ती म्हणाली. "तू बस."