अबोल्याचे निरोप

"संचिता, बाबांना विचार, डब्यात भेंडी चालेल का."

दर्शनाने हे ओट्याकडे तोंड करून विचारलं. संचिताचे बाबा, म्हणजे सुशांत, तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर मोजे चढवत बसला होता आणि त्याने ते नीट ऐकलंही होतं. तरी संचिता वेणी अर्धवट सोडून उठली, बाबांच्या गुडघ्याशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आई विचारते, तुमच्यासाठी भेंडी करू का?" सुशांत म्हणाला, "चालेल म्हणून सांग." ती ओट्याशी परत गेली आणि म्हणाली, "आई, बाबा म्हणाले, मस्त."

असा चालेलचा मस्त व्हायचा, तो त्या एवढ्याशा खोलीत मधल्या मधे. चौथीतल्या पोरीचा हा रोजचा उद्योग होता आणि एकमेकांचं ऐकूनही न ऐकल्यासारखं करायची सवय लागलेल्या त्या घरात कुणाच्या तो लक्षातही आला नव्हता. कळव्यातल्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये गणपतीपासून नवराबायकोचा अबोला होता आणि आता संक्रांत तोंडावर आली होती.

कारण ऐकाल तर हसाल. दर्शना माजिवड्याला एका डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते. गणपतीत तिला रजा मिळाली नाही. सुशांतला दरवर्षीसारखं सगळ्यांना घेऊन गावाला जायचं होतं. तो वैतागून म्हणाला, "नाही ना यायचं, मग परत माझ्याशी बोलूच नकोस." त्याच्या मनात ते त्या संध्याकाळपुरतं होतं. तिने मात्र शब्द खरा केला. मग आधी कोण बोलणार, इथे घोडं अडलं ते अडलंच. दिवाळीचा फराळसुद्धा पोरीच्या हातून बाहेरच्या खोलीत गेला.

आपल्याकडे मुलाला मारणाऱ्या बापाला आता चाळीतले चार लोकही टोकतात. अबोला धरणाऱ्याला कोण टोकणार? उलट त्या घराचं नावच होतं. शेजारच्या मालनताई कौतुकाने सांगायच्या, "यांच्याकडून कधी वरचा आवाज नाही हो." सुशांतची आई केशरबाई हे ऐकून फुलायच्या. त्यांचा स्वतःचा नवऱ्याशी झालेला एक अबोला घराण्यात प्रसिद्ध होता. पाऊस लागायच्या आधी सुरू झाला आणि होळीला मिटला, हे त्या लग्नाकार्यात रंगवून सांगत आणि बायका हसून लोटपोट होत. त्या अबोल्यात निरोप कोण पोचवत होतं, हे कुणी विचारत नसे. लहानगा सुशांत पोचवत होता.

संक्रांतीच्या दिवशी संचिताने डब्यातले दोन लाडू उचलले, बाबांसमोर धरले आणि म्हणाली, "बाबा, आईने पाठवलेत. म्हणाली, तिळगूळ घ्या, गोड बोला." सुशांत लाडवांकडे बघत राहिला. खरं सांगायचं तर तोही थकला होता. घोडबंदर रोडच्या ऑफिसातून ट्रॅफिकमध्ये रखडून घरी यावं आणि घरात बोलायला भिंती, याला तो कंटाळला होता. लाडू हातात घेऊन तो स्वयंपाकघरात गेला आणि बायकोला म्हणाला, "तू पाठवलास ना तिळगूळ? मग मिटवू या की."

दर्शनाला खरंच काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मी कुठे पाठवला?"

दोघांनी वळून मुलीकडे पाहिलं. मग चौकशी झाली. भेंडीचं "मस्त" निघालं, ऑफिसला जाताना आईने सांगितलेलं "सांभाळून जा" निघालं, बाबांनी विचारलेलं "तुझी पाठ बरी आहे का" निघालं. यातलं कुणीच काही बोललं नव्हतं. दर्शनाने विचारलं, खोटं बोलायला कुठे शिकलीस. सुशांत म्हणाला, या वयात ही थापा मारते, पुढे काय करेल. इतक्या महिन्यांनी त्या दोघांचं एकमत झालं, आणि ते पोरीला खोटारडी ठरवण्यावर झालं. तेवढं झाल्यावर अबोला पुन्हा सुरू झाला.

दुसऱ्या दिवसापासून संचिता बोलायची थांबली. रडली नाही, रुसली नाही. शाळेत हजेरीला नुसता हात वर करायची. घरात कुणी "बाबांना सांग" म्हटलं की खाली बघायची. घशाच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि घसा स्वच्छ असल्याचं सांगितलं. केशरबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. दर्शना बाथरूममध्ये नळ सोडून रडली. सुशांतने मुलीसाठी नवी सायकल आणली. ती तिने नुसती पाहिली. शेवटी वर्गशिक्षिकेने आपल्या ओळखीच्या विनिताला गाठलं.

विनिता डोंबिवलीची. समाजकार्यात एम.ए. केलेली आणि आता पुढचं संशोधन करत होती. आईवडिलांच्या भावना आणि मुलांचं मानसिक आरोग्य, हा तिचा विषय. दोन वर्षं ती कळवा, ठाणे, कल्याण असे जिने चढत होती. दार उघडलं की पोहे येत आणि पोह्यांबरोबर ठरलेलं उत्तर येई, "आमच्याकडे सगळं ठीक आहे." आईबापाचा राग, भीती, जळफळाट यांचं मुलांवर काय होतं, हे तिला विचारायचं होतं. पण आपल्याला राग येतो हेच लोकांना कबूल नसे. तिच्या मार्गदर्शकांनीही सांगून ठेवलं होतं, दारू, मारहाण, घटस्फोट असली घरं बघ, अबोल्याचं काय घेऊन बसलीस, घरोघरी मातीच्या चुली. कधी कधी तिलाही वाटे की सोडून द्यावं आणि कुठे तरी साधी नोकरी धरावी.

रविवारी दुपारी ती त्या घरी गेली. सुशांत खुर्चीवर, दर्शना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, केशरबाई पलंगावर आणि मधे सोफ्याच्या कडेला ताठ बसलेली संचिता. विनिताने विचारलं, घरात कुणी चिडलं, दुखावलं, तर ते कसं कळतं?

"मॅडम, आमच्याकडे भांडणच नाही," सुशांत म्हणाला. "बिल्डिंगमध्ये कोणालाही विचारा."

दर्शना म्हणाली, "ताई, त्यांना विचारा, माझ्याशी शेवटचं धड कधी बोलले."

विनिता दमलेली होती आणि तिच्या हातून चूक झाली. ती सुशांतकडे वळून म्हणाली, "त्या विचारतायत, शेवटचं धड कधी बोललात." सुशांत म्हणाला, "सुरुवात कोणी केली ते सांगा त्यांना." विनिता पुन्हा दर्शनाकडे वळली, आणि वळताना तिची नजर संचितावर गेली. इतका वेळ ताठ बसलेली पोर मागे टेकली होती. खांदे सैल पडले होते. आपलं काम दुसऱ्या कुणी तरी अंगावर घेतलं, हे तिला कळलं होतं.

विनिताला ते बघवेना. घरोघरी मातीच्या चुली असतील, पण त्यांचा धूर कुणाच्या डोळ्यांत जातो ते आपण कुणीच विचारलं नाही, असं तिला वाटलं. मार्गदर्शकांना चालो न चालो, हे घर आपल्या कामात येणारच, हे तिने तिथेच ठरवलं.

"मी हे करणार नाही," ती म्हणाली. "मी बाहेरची बाई, तुमचं माझं नातं नाही, तरी दोन निरोपांत मला धडधडायला लागलं. तिने हे किती महिने केलं? तिने थापा मारल्या नाहीत. तुम्ही बोलायला हवं होतं ते ती बोलली. तिला बाल-मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं, ते मी बघते. पण आधी जे काय असेल ते एकमेकांना सांगा."

मग केशरबाई म्हणाल्या, "शब्दाने शब्द वाढतो, बाय. हा पण नेयचा माझे निरोप. काय वाईट झालं ह्याचं?"

"तेच तर," सुशांत म्हणाला. "मी पण नेलेत. काय झालं मला?"

"काय झालं ते मी बघतेय ना," दर्शना म्हणाली, आणि हे ती थेट त्याला म्हणाली. "बायकोशी बोलता येत नाही तुम्हाला."

मग सगळं बाहेर पडलं. गणपती निघाला, रजा निघाली, माहेर निघालं. सुशांत म्हणाला, लाडू घेऊन मी आलेलो ना तुझ्याकडे, हो म्हटलं असतंस तर काय बिघडलं असतं. ती म्हणाली, बोलू नकोस म्हणालेलात ते एकदा तरी मागे घेतलंत का. आवाज चढले. केशरबाई खिडकी लावायला उठल्या, तेव्हा दर्शना म्हणाली, "राहू दे उघडी. ऐकू दे लोकांना." आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला.

"आपण बोललो तरी कधी, आठवतं? तिला खोटारडी म्हणायला बोललो."

सुशांतने चेहरा तळव्यांत धरला. लहानपणी आईकडून वडिलांकडे जाताना आपणही काही शब्द बदलत होतो, हे त्याला आज आठवलं. ते त्याने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी खाली जाऊ?"

आवाज घोगरा होता, खूप दिवस न वापरलेला. दर्शना ओरडली नाही की धावली नाही. सवयीने तिच्या तोंडून निघालं, "बाबांना विचा..." आणि ती अर्ध्यावर थांबली. मग नवऱ्याकडे वळून तिने स्वतःच विचारलं, "जाऊ दे ना तिला?"

"जाऊ दे," सुशांत तिला म्हणाला.

संचिताने चपला घातल्या आणि दार उघडलं. पण ती गेली नाही. कडीवर हात ठेवून ती आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली, कुणाचं काही सांगायचं राहिलं असेल म्हणून.