टाकीवरची आई

गावाच्या पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह पाणीवालीच्या हातात होता, म्हणून तोंडावर तिला कुणी काही बोलत नसे. पाठीमागे काय बोलतात ते तिला पाठ होतं. पुरुष म्हणून जन्मली, बाई म्हणून जगली, आणि आपल्यासारख्याच, घरातून हाकललेल्या एका पोरीला पोटाशी धरून आई होऊन बसली. चघळायला लोकांना एवढं पुष्कळ झालं.

ती पोर आता रंगारी झाली होती. टाकीवर 'पाणी नेणारी आई' असं चित्र रंगवायचं काम गावाने तिलाच दिलं, पण अट घातली: कुणाची हरकत आली तर वरून चुना मारू.

"तुझ्या जन्मदात्रीला काढ," पाणीवाली म्हणाली खरी, पण आतून तिचा जळफळाट होत होता.

पोर ऐकतेय कसली. टाकीवर कमरेवर कळशी घेऊन पाणीवालीच उभी राहिली. रुंद जबडा, भरदार दंड, सगळं जसंच्या तसं.

"निदान नाक तरी बरं काढायचंस."

"होतं तेच काढलंय," पोर म्हणाली.

हरकत घेईल तर पोरीची जन्माची आईच घेईल, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याने पोरीला हाकललं तेव्हा ती गप्प बसली होती. तेव्हापासून रोज नळावर यायची, खाली मान घालून कळशी भरायची आणि चालू लागायची. तिने नुसतं "नको" म्हटलं, की चित्र गेलं.

त्या सकाळी ती थांबली. वर बघत राहिली. रांगेतल्या बायकाही वर बघू लागल्या.

"चुकलंय," आई म्हणाली.

"काय चुकलंय?" शिडीवरून पोरीचा आवाज जेमतेम आला.

"कळशी डावीकडे हवी. उजवा खांदा दुखतो तिचा. कधीपासून डावीकडेच घेते."

खांद्याचं दुखणं पाणीवालीने कुणाला सांगितलं नव्हतं, पोरीलाही नाही. खाली मान घालून ही बाई इतकी वर्षं आपल्यालाच बघत होती तर! तिला एकदम भरून आलं.

पोर रंग कालवू लागली. आईने कळशी उचलली, दोन पावलं गेली आणि पाणीवालीपाशी घुटमळली.

"झोपेत पांघरूण लाथाडते का गं अजून?"

"लाथाडते की. मी उठून घालते."

"घालत जा," आई म्हणाली.