माझ्यावर लादलेली काळी एक

मित्रांनो, मी एक जुनी लायब्ररी आहे. माझ्यात कपाटं नाहीत, पुस्तकं नाहीत. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे लोक एखादं काम एकदाच नीट लिहून ठेवतात, म्हणजे पुढे कुणालाही ते आयतं वापरता येतं. अशा तयार कामाच्या गाठोड्याला ते लायब्ररी म्हणतात. माझं काम सुरांचं. मला सा द्या आणि कोणती सुरावट हवी ते सांगा. त्या 'सा'पासून कुठे दोन पावलं चढायची, कुठे तीन, हे मोजून मी एकेक स्वर काढून देते. भूप मागितलात तर सा, रे, ग, प, ध देते. मध्यम आणि निषाद सोडून देते. मी फार लहान आहे. छापलं तर चार-पाच पानांत मावेन. माझा राग मात्र तेवढ्यात मावत नाही, म्हणून आज बोलते आहे.

माझा जन्म छत्रपती संभाजीनगरात, भावसिंगपुऱ्यातल्या एका स्वयंपाकघरात झाला. सुलेखाताई तंत्रनिकेतनात संगणक शिकवत. संध्याकाळी भाकरी आटोपल्या की त्या ओट्यावरच लॅपटॉप उघडत. समोर पाटावर विहारातल्या महिला मंडळाच्या मनकर्णाबाई लसूण सोलत बसत. मंडळाकडे स्वतःची पेटी नव्हती. पुरुषांच्या गायन पार्टीची पेटी उसनी यायची आणि तिच्यासोबत वाजवणारे भाऊही यायचे. त्यांचं बोट सवयीने काळी एकवर पडायचं. पेटीवरच्या त्या काळ्या पट्टीवर सा धरला की पुरुषांचा गळा मोकळा लागतो. बायकांना मात्र तिथून खाली पुटपुटावं लागे, नाहीतर वर किंचाळावं लागे.

"बाप्याच्या चपलात पाय घालून नाचल्यावानी व्हतं बघ," मनकर्णाबाई म्हणाल्या.

सुलेखाताई खूप हसल्या आणि मला लिहायला बसल्या. इतर प्रोग्रामर अशा कामात एक ठरलेला सा आधीच घालून ठेवतात. वापरणाऱ्याने काही सांगितलं नाही तर तोच धरायचा. सुलेखाताईंनी तो मुद्दाम घातला नाही. कुणी सा दिला नाही तर मी थांबायची आणि विचारायची, 'तुमची पट्टी कोणती?' माहीत नसेल तर गुणगुणायला सांगायची आणि गळा जिथे सहज टेकेल तिथे सा धरायची. माझ्यात हीच एक ओळ खरी सुलेखाताईंची होती. बाकीची आकडेमोड कुणीही लिहिली असती.

त्यांचा अभय नावाचा एक हुशार विद्यार्थी मदतीला यायचा. तो म्हणाला, "मॅडम, एक पट्टी ठरवून टाका ना. कटकट मिटेल."

"कुणाची कटकट, अभय? तुझी का गाणाऱ्या बाईची?"

तो ओशाळून हसला. पुढे त्यानेच मला एका छोट्या ॲपमध्ये बसवलं आणि आपल्या खात्यावरून सगळ्यांच्या फोनमध्ये पोचवलं. ते माझे चांगले दिवस. पेटी कुणाला मागावी लागेना. कुणी पांढरी पाचमध्ये गायचं, कुणी काळी चारमध्ये. गंगापूरच्या कार्यक्रमाहून परतताना बायका जीपमध्ये माझा सा लावून गात. ड्रायव्हर म्हणायचा, "बस करा माय, माझा हॉर्न बी तुमच्याच पट्टीत वाजाया लागला!" करमाडच्या एका संगीत शिक्षकांनी मला शाळेत नेलं. माझी नक्कल दूरदूर गेली. मला अभिमान वाटे, तो लपवत नाही.

मग सुलेखाताई गेल्या. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही. लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि कुणी ते उघडलं नाही.

पण माझी दुसरी प्रत अभयकडे होती. त्याने ऑफिस थाटलं, ॲपला नवे रंग दिले आणि गाणाऱ्याला गुण द्यायची सोय केली. मग तो माझ्याकडे वळला. पट्टी विचारणारी ती ओळ त्याने पुसली. तिथे लिहिलं, सा म्हणजे काळी एक. केलेल्या बदलाची नोंद ठेवावी लागते; त्याने नोंद केली, 'अनावश्यक प्रश्न काढला.' आणि ॲप उघडताच दिसेल असा सुलेखाताईंचा फोटो लावला. फोटोला हार, खाली अक्षरं: 'मॅडमच्या स्मृतीस अर्पण.'

मित्रांनो, फोटो लावणारा आणि ओळ पुसणारा हात एकच होता. आणि दोन्ही कामं त्याने एकाच दुपारी केली.

मनकर्णाबाईंच्या फोनवर जुन्या ॲपच्या जागी नवं आपोआप उतरलं. त्यांनी सुलेखाताईंच्या फोटोला हात जोडले आणि नेहमीसारख्या आपल्या सहज गळ्यात गायल्या. मी काळी एकपासून मोजत होते. मला दुसरं काही करताच येत नव्हतं. त्यांचा प्रत्येक सूर मी पडद्यावर लाल केला. सूर चुकला. सूर चुकला. सूर चुकला.

मंडळाचा ढोलकीवाला इम्रान वैतागला. "मौसी, मशीन को मारो गोली. मेरी ढोलकी को तो तुम बराबर लग रे."

"न्हाय रे बाबा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "सुलेखानं केलेलं हाय ते. ती माझ्यासंगं खोटं कशाला बोलंल? माझाच गळा गेला आता."

आणि त्यांनी गाणं सोडलं. विहारात त्या मागच्या रांगेत बसू लागल्या. बायका म्हणायला लागल्या की त्या टाळ्या देत, पण ओठ मिटलेले.

त्याला वर्ष झालं. विहारात सुलेखाताईंच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदन होतं. त्यांची मुलगी क्षेमा नाशिकहून आली होती. वंदना झाली, भंतेजींचं प्रवचन झालं. क्षेमा मनकर्णाबाईंजवळ जाऊन म्हणाली, "मावशी, आईला आवडायचं ते एक म्हणा ना." मनकर्णाबाईंनी नकारार्थी मान हलवली. दुसऱ्या कुणीतरी म्हटलं. कार्यक्रम संपल्यावर चपला शोधताना त्यांनी क्षेमाला कारण सांगितलं. तुझ्या आईच्या मशीननंच सांगितलं, म्हणाल्या.

क्षेमाने त्यांच्या फोनवर ॲप उघडून पाहिलं. मग ती तडक सिडकोत अभयच्या ऑफिसात गेली. तिने आवाज चढवला नाही.

"आईची ती ओळ का काढलीस?"

"ताई, प्रश्न विचारला की लोक ॲप बंद करतात. आणि बहुतेक लोक काळी एकलाच गातात."

"बहुतेक पुरुष."

"आता तुम्ही त्याला वेगळंच वळण देताय. मॅडमबद्दल मला आदर आहे. पहिल्याच पानावर त्यांचा फोटो आहे, बघा."

"तोच बघून आले. ओळ परत घाल. नाहीतर आईचं नाव आणि फोटो काढ. लोक तुझं खोटं तिच्या नावावर खरं मानताहेत."

ओळ परत घालायची तर गुण द्यायची सगळी सोय नव्याने लिहावी लागली असती. नाव काढणं सोपं होतं. त्याने सोपं ते केलं. संध्याकाळपर्यंत फोटो गेला, हार गेला. काळी एक राहिली. आजही शेकडो फोनमधून मी बायकांना सांगते आहे की त्यांचा सूर चुकला, आणि माझ्या तोंडावर हात ठेवणारं तिथे कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी क्षेमाने आईचा लॅपटॉप उघडला. त्यात मी होते, पहिल्यासारखी. तो घेऊन ती मनकर्णाबाईंकडे गेली. मी विचारलं, 'तुमची पट्टी कोणती?' मनकर्णाबाई आधी नको नको म्हणाल्या, मग पदर तोंडाशी धरून हळूच गुणगुणल्या. मी पांढरी पाचवर सा धरला आणि भूपाचे पाच स्वर त्यांच्यापुढे ठेवले. त्या चढल्या, उतरल्या. कुठेही सूर सुटला नाही.

क्षेमाला वाटलं, त्या हसतील. मलाही वाटलं.

"म्हंजी माझा गळा ठीक व्हता?" त्यांनी विचारलं.

"हो मावशी."

"मंग मला वरीसभर गप का बसवलं?" त्यांचा आवाज इतका चढला की शेजारीण दारात आली. "काल सुलेखासाठी म्हनायचं व्हतं मला. ते आता कवा म्हनू? कुनाला म्हनू? सांग की गं!"

क्षेमा त्यांच्याजवळ खाली बसली. मी तर फक्त स्वर काढू शकते.

मित्रांनो, मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही. मला बिघडवायला माणूसच लागतो. तो दुष्ट असायला हवा असंही नाही, घाईत असला तरी पुरतो. गेलेल्या माणसाचं काम तुमच्या हाती आलं आणि त्यातलं काही तुम्हाला फालतू वाटलं, तर पुसण्याआधी ते कुणासाठी केलं होतं याचा शोध घ्या. करणारी गेली असेल, पण जिच्यासाठी केलं ती बाई बहुधा तुमच्याच गावात असते. तिच्या घरी जा. ती तुम्हाला चहा देईल, चार शब्द सुनावेलही. दोन्ही निमूट घ्या, आणि मगच हात लावा.