लाल ठिपका, निळी कडी आणि सासूबाईंची ठमी

थोरल्या जावयाला सासरचं दुसरं काही म्हणजे काही नको होतं. कपाट नको, घड्याळ नको. हवा होता तो सासऱ्यांचा लाकडी कॅमेरा. आता हा कॅमेरा म्हणजे खिशात घालून फिरायची चीज नव्हे. तीन पायांवर उभं राहिलेलं ते धूड, पुढे भाता, मागे दुधी काच आणि वरून काळं फडकं. फिल्म वहीच्या पानाएवढी. एक फोटो काढेपर्यंत माणसाचा घामटा निघतो. त्याच फडक्याखाली डोक्याला डोकं लावून सासऱ्यांनी त्याला सगळं शिकवलं होतं. सासरे गेले, पण फडक्याला त्यांच्या डोक्याच्या तेलाचा वास तसाच होता. त्या वासासाठी थोरल्याचा जीव तुटायचा. पण हे चारचौघांत सांगायचं कसं? म्हणून तो लेन्सवरून भांडायचा.

भांडायला साडू होताच. धाकट्या जावयालाही तोच कॅमेरा हवा होता, आणि त्याची लेन्स पडली निळ्या कडीच्या कंपनीची. थोरल्याची लाल ठिपक्याची. माप एकच, काम एकच, पण या दोघांचं ऐकाल तर एक अमृत आणि दुसरं गटाराचं पाणी.

"लाल ठिपक्यात कातडी कशी जिवंत दिसते," थोरला म्हणायचा.

"निळ्या कडीत पापणीचा केस न् केस मोजता येतो, साडूभाऊ!"

"मोजून करायचंय काय? वेणी घालायचीय?"

जेवताना हेच, चहाला हेच. बायकांनी कानांत बोळे घालायचे तेवढे बाकी होते. शेवटी सासूबाईंनीच सोक्षमोक्ष लावला. "हे बघा जावईबापू, दोघंही माझा एकेक फोटो काढा. ज्याचा चांगला येईल, त्याने कॅमेरा न्यावा. आणि मग या घरात लेन्सचं नाव काढायचं नाही. माझं डोकं उठलंय."

झालं! रविवारी सकाळी सासऱ्यांच्या जुन्या स्टुडिओत सासूबाई खुर्चीत बसल्या. मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी चिमटा लावला. मांडीवर त्यांची लाडकी ठमी, म्हणजे घरातलं एकुलतं एक मांजर. जगातल्या सगळ्या मांजरांना असतो तितकाच माज तिलाही होता.

पहिला नंबर थोरल्याचा. फडक्याखाली डोकं घातलं, तो वास नाकात शिरला आणि त्याला भडभडून आलं. "बाबा, आज लाज राखा," तो मनात म्हणाला. फोटो घेतला, फिल्मचा होल्डर काढून टेबलावर ठेवला. लाल ठिपका उतरला, निळी कडी चढली. तोवर ठमी कंटाळून खाली उतरली आणि खुर्चीच्या पायाशी पसरली. सासूबाई मात्र चिमट्यात अडकलेल्या, त्यांना कुठे कंटाळायची सोय! धाकट्याने होल्डर घातला आणि आपला फोटो घेतला.

आता इथे एक गोम आहे. या होल्डरला दोन बाजू असतात, एकेका बाजूला एकेक फिल्म. एक फोटो झाला की होल्डर उलटायचा. थोरल्याची शिस्त अशी, की जो होल्डर घालतो त्याने उलटावा. धाकट्याची शिस्त अशी, की जो काढतो त्याने उलटून ठेवावा. दोघंही शिस्तीचे पक्के. त्यामुळे उलटला कुणीच नाही.

डार्करूममधून दोन फिल्म बाहेर आल्या. एक कोरी करकरीत. दुसरीवर सासूबाई, नेहमीपेक्षा जराशा दाट, पण काय झकास!

"तुम्ही पत्रा ओढायलाच विसरलात, साडूभाऊ," धाकटा म्हणाला. फिल्मवरचा पत्रा ओढला नाही तर काहीच उमटत नाही, म्हणून. "हा फोटो माझा."

"अरे जा! विसरलात तुम्ही. ही कातडी बघा, ही निळ्या कडीची आहे? शक्य तरी आहे का?"

मोठा प्रिंट काढला, टेबलावर पसरला, आणि दोघं भिंगं लावून त्यावर ओणवे झाले. थोरल्याला गालावर लाल ठिपक्याची ऊब दिसली. धाकट्याला भुवईत निळ्या कडीची धार दिसली. नाकाच्या शेंड्यावरून तर दोघांची जवळजवळ मारामारीच जुंपली. नाक सासूबाईंचं होतं, याचा दोघांनाही विसर पडला.

सासूबाई चष्मा पुसत आल्या. फोटोकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"का हो जावईबापू, माझ्याकडे मांजरं किती?"

"एकच की, आई."

"मग हे मांडीवरचं कोण? आणि हे पायाशी पसरलंय ते कोण?"

दोघांची भिंगं तिथल्या तिथे थांबली. मांडीवर ठमी होती आणि ठमीतून आरपार सासूबाईंच्या शालीची नक्षी दिसत होती. खाली ठमी होती आणि तिच्या पोटातून फरशी दिसत होती. पापण्यांचे केस मोजणाऱ्या या दोन दिवट्यांना सबंध एक मांजर जास्तीचं दिसलं नव्हतं! दोन्ही लेन्सचे फोटो एकाच फिल्मवर, एकावर एक बसले होते. चिमट्यामुळे सासूबाई तेवढ्या एकच उमटल्या.

सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या, मग खुर्चीत बसल्या. "बरं झालं. दोन्ही लेन्स एकाच चेहऱ्यावर आहेत. आता खरं सांगा, यात लाल कुठे आणि निळी कुठे? जो खरं बोलेल, कॅमेरा त्याचा."

धाकट्याने लगेच भिंग उचललं. "ही जी कानाजवळची धार आहे ना, आई..."

थोरल्याने भिंग उचललंच नाही. कोपऱ्यात ते काळं फडकं लोंबत होतं. त्याने तिकडे पाहिलं.

"आई, मला फरक दिसत नाही," तो म्हणाला. "कधीच दिसला नाही. मला फक्त बाबांच्या फडक्याखाली डोकं घालायचं होतं."

धाकट्यानेसुद्धा भिंग खाली ठेवलं. सासूबाईंचे डोळे भरून आले. "न्या हो," त्या म्हणाल्या, "तुमचाच आहे तो."

दोन्ही साडूंनी मिळून कॅमेरा उचलला आणि ते जिना उतरायला लागले. धाकट्याचा चेहरा पडला होता. अर्ध्या जिन्यात त्याने हळूच विचारलं, "खरंच कधीच दिसला नाही फरक?"

"खरंच नाही." थोरल्याने वर पाहिलं, दार लोटलेलं होतं. त्याला काही राहवेना. "पण एक सांगू? मांडीवरची ठमी बघा. मिशा कशा आल्यात! लाल ठिपक्याशिवाय..."

"छट्! पायाशी आहे तिच्या मिशा बघा आधी!"

"अहो, तिच्या मिशा आहेत की झाडूच्या काड्या?"

वर दार उघडलं.

"जावईबापू," सासूबाईंचा आवाज आला, "आणा तो कॅमेरा वर."

तेव्हापासून कॅमेरा स्टुडिओतच आहे आणि दोन मांजरांचा फोटो दर्शनी भिंतीवर. दोघं साडू दर रविवारी येतात आणि मिशांवर बोलतात, लेन्सचं नाव काढायला बंदी आहे ना! मग थोरला फडक्याखाली डोकं घालतो. ठमी हल्ली त्याच फडक्यावर झोपते, त्यामुळे आत गेल्या गेल्या त्याला सणसणीत शिंक येते. तेलाचा वास मात्र अजून येतो. तो नाक पुसतो आणि बराच वेळ बाहेर येत नाही.